सेलूच्या तापलेल्या सरकीत

सत्याहत्तर सालच्या जानेवारीत मी पुण्याहून सेलूला निघाले तेव्हा शेजारच्या काकूंना वाटलं, कुणाचं तरी लग्न असावं. परभणी जिल्ह्यात हवापालटाला कुणी जात नाही. यात्रेकरू जातात ते पाथरीला. आणि माझ्या ट्रंकेत साडीऐवजी चोवीस काचेच्या नळ्या होत्या, प्रत्येकीत दोन बोटं मांसाचा अर्क, तोंडाला कापसाचा बोळा. शिवाय हातभर लांब थर्मामीटर. आईनं अर्काचा वास घेतला आणि म्हणाली, "हे घेऊन तू लोकांच्या घरी उतरणार?"

कशासाठी गेले ते आधी सांगते, म्हणजे पुढची धावपळ वेडेपणाची वाटणार नाही. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं तयार करणारी एक इवलीशी यंत्रणा असते, तिला राइबोसोम म्हणतात. जिवाणूच्या राइबोसोममध्ये आर.एन.ए. नावाचे लांब धागे असतात आणि त्या धाग्यांना पकडून बसलेली पन्नासाहून जास्त प्रथिनं. त्यातलं एक माझं. माझं म्हणजे, ते धाग्याला नेमकं कुठं आणि कसं पकडतं, हे शोधण्यात मी तीन वर्षं घालवली होती. हे कळायचं तर प्रथिनाचा आकार कळायला हवा. आकार कळायचा तर खडीसाखरेसारखे त्याचे स्फटिक व्हायला हवेत आणि त्यांच्यावर क्ष-किरण सोडायला हवेत. तीन वर्षांत एक स्फटिक झाला नव्हता. आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूतून काढलेलं माझं प्रथिन इतकं नाजूक, की चार दिवसांत त्याचा नासलेल्या दुधासारखा चोथा होई.

आमचे सर म्हणाले, "उष्णतेत राहणारा जिवाणू घ्या. त्याचं सगळंच टणक असतं." परदेशातून मागवलेली त्याची नळी फुटून आली. कोकणातल्या गरम कुंडांतले जीव वाढायला इतके मंद, की मला हवी तेवढी पेशींची रास जमायला जन्म गेला असता. मार्चपर्यंत काही हाती लागलं नाही तर विषय बदलायचा, असं सरांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं.

तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत फिल्म धुणारे सहायक गौतम ढवळे मला म्हणाले, "नीलाताई, आमच्या सेलूला जिनिंगमध्ये ओल्या सरकीचा ढीग आतून तापतो. पहाटे त्यातून वाफा निघतात. त्यात काही जगत असेल का?"

त्याच आठवड्यात मी निघाले.

सेलू, मंगळवार

मनमाडला गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीत बसलं की देश बदलतो. माती काळी होते, इतकी काळी की नांगरलेली शेतं ओली वाटतात. हुरड्यावर आलेली ज्वारी, तिच्या कडेनं करडईच्या काटेरी रांगा, कापूस वेचून रिकाम्या झालेल्या पऱ्हाट्या. सेलू जवळ आल्याचं पाटी दिसण्याआधी बाभळींनी सांगितलं. रस्त्याकडेच्या प्रत्येक बाभळीच्या काट्यांना कापूस अडकला होता. कापसाच्या गाड्या बाजाराकडे रांगेनं चाललेल्या, आणि त्या जिथून घासून जातात तिथं झाडं पांढरी.

स्टेशनावर गौतमच्या थोरल्या बहीण विमलताई घ्यायला आल्या होत्या. प्राथमिक शाळेत मास्तरीण, नवरा पूर्ण्याला रेल्वेत, आठवड्यातून एकदा येणारा. घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली निळ्या शाईची दौत आणि तपासायच्या वह्या. मी चाचरत अर्काच्या वासाबद्दल सांगितलं. त्या हसल्या. "आमच्याकडं त्याचं काही नाही. तुम्ही खाता का, तेवढं सांगा."

रात्री ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि लाल मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडे आमटी डाळीची, इथं डाळ नसली तरी आमटी होते, आणि अशी होते की मी तिसरी भाकरी मागितली. सकाळी विमलताईंनी आतून विचारलं, "सुशीला चालेल का?"

मी म्हटलं, "चालेल की, बोलवा ना त्यांना."

आत हसू फुटलं ते थांबेना. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, वर दाण्याचं कूट. मी दोन बशा संपवल्या.

बुधवार, जिनिंग

जिनिंगच्या आवारात पाऊल टाकलं की घशात कापूस जातो. यंत्रांची घरघर, हवेत पांढरी भुरभुर आणि शेडच्या मागे तो ढीग. कापसातून रुई वेगळी काढली की उरतं ते बी म्हणजे सरकी. गेल्या पंधरवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि उघड्यावरची सरकी भिजली. घराएवढी ती करडी रास, बाजूला दहा पावलांवर गठाणींची, म्हणजे दाबून बांधलेल्या रुईच्या गाठींची शेड.

मुनीमजी धोतर-कोटातले, कपाळाला आठ्या. मी थर्मामीटर काढताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांना मी सरकारी तपासणीला आलेली वाटले. विमलताईंनी पुढं होऊन समजावलं. मुनीमजींची नात विमलताईंच्याच वर्गात होती. शेवटी ते म्हणाले, "बघा काय बघायचं ते. पण ढिगाला विस्कटायचं न्हाई. आणि ही रुक्मा राहील तुमच्यासंगं."

रुक्माबाई पन्नाशीच्या, उंच, दुधना नदीकाठच्या खेड्यातून रोज चालत येणाऱ्या. जिनिंगमध्ये वीस वर्षं. त्यांच्या हातात छातीएवढ्या उंचीची लोखंडी सळई होती. ती त्यांनी ढिगात खुपसली, थोडा वेळ थांबल्या, बाहेर ओढली आणि तिच्या टोकावर तळहात ठेवला.

"एक, दोन, तीन," असं म्हणून हात उचलला. "ही बाजू ऊन हाय, पण भेव न्हाई."

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"मोजलं. धा मोजवले तर सरकी थंडी. तीन मोजवले तर तापायलीय. एकबी मोजवला न्हाई तर पळायचं."

मी त्याच भोकात थर्मामीटर सोडला. बासष्ट अंश! मला हवं होतं ते हेच तापमान. दुसरीकडे रुक्माबाईंनी पाच मोजले, माझा पारा पंचावन्नाच्या आसपास थांबला. तिसरीकडे पुन्हा तीन, पुन्हा बासष्ट. वहीत लिहिता लिहिता मला हसू येत होतं. रुक्माबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी हसायलाव कामून?"

"तुमचा हात आणि माझा पारा एकच बोलायलेत म्हणून," मी म्हटलं. एका दिवसात माझीही जीभ वळली होती.

मग आम्ही गठाणींच्या शेडकडच्या बाजूला आलो. रुक्माबाईंनी सळई खुपसली, काढली, हात टेकवला न टेकवला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा हातभर अलीकडे खुपसली. पुन्हा तेच.

"मुनीमजी! ही बाजू आतून पेटायलीय!"

मुनीमजी आले. "रुक्मे, तू रोज हेच म्हणतीस. परवा ट्रक यायलेत, तवा उचलू."

मी थर्मामीटर आत सोडला आणि वाकून बघितलं. पारा चढत चढत ब्याण्णववर गेला आणि अजून चढतच होता. "ब्याण्णव!" मी ओरडले. "या, तुम्हीच बघा."

मुनीमजी वाकले, पण सरकीतून नीट दिसेना, म्हणून त्यांनी वरचं टोक धरून थर्मामीटर तिरपा ओढला. काच कट्‌कन मोडली. पारा सरकीत पसरला.

मी तिथंच बसकण मारली. हातभर लांब थर्मामीटर मला प्रयोगशाळेतून मोठ्या मिनतवारीनं मिळाला होता. पण रुक्माबाईंना काळजी वेगळीच. "ही सरकी म्हशींच्या पुढ्यात जाती, बाई. ते चमकतंय ते आदी उचला." मग दोघींनी मिळून पाऱ्याचे मणी आणि आसपासची ओंजळ-ओंजळ सरकी एका डब्यात भरून बाजूला ठेवली.

तोवर मुनीमजी ओशाळलेही होते आणि चिडलेही. "मला तर काही दिसलं न्हाई," ते म्हणाले.

रुक्माबाई उठल्या, सळई जमिनीत रोवली आणि म्हणाल्या, "आदी ही बाजू फोडा. त्याबिगर मी त्या शेडात काम करणार न्हाई. तितं बाया काम करायल्यात, गठाणी हायेत. पेटलं तर बाहेर निघायला वाट कुठं हाय?"

"नको करू. उद्यापासून येऊ बी नको."

सगळ्या बाया यंत्रं सोडून दारात आल्या. मुनीमजींनी माझ्याकडे बघितलं. "काय बाई, खरंच पेटलंय का? का हिनं सांगितलं म्हणून?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात भलतंच आलं. मी अजून चिमूटभर नमुना घेतला नव्हता. सकाळभर नुसतंच मोजत बसले होते, नळ्या विमलताईंच्या घरी. नक्की सांगता येत नाही, असं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत हवी तेवढी सरकी मिळाली असती. तीन वर्षांचं काम त्या ढिगात होतं.

"मुनीमजी," मी म्हटलं, "मी पारा ब्याण्णववर बघितलाय. रुक्माबाई म्हणतात ते बरोबर आहे. आत्ताच्या आत्ता फोडा."

त्यांनी हात जोडले, पण ते नमस्काराचे नव्हते. "तुमचं काम झालं, बाई. निघा आता."

अशा तऱ्हेनं आम्ही तिघी फाटकाबाहेर आलो. समोर लिंबाखाली चहाचं दुकान होतं. विमलताईंनी तीन चहा सांगितले. मी रडवेली झाले होते, आणि रुक्माबाई मलाच समजावत होत्या. "जाऊ द्या. ढीग काय, दुसरीकडंबी असतोय."

"तुमचं काम गेलं आणि तुम्ही मला धीर देताय?"

"मंग काय करू? तुमी खरं बोललाव. लई जण बोलत न्हाईत."

त्यांना वाटत होतं मी पुण्याहून ढिगाची आग तपासायलाच आलेय. मी त्यांना खरं काम सांगितलं. पदराचा एक दोरा काढून बोटांनी चिमटीत धरला आणि म्हटलं, "असा धागा असतो, त्याला असं पकडणारं काहीतरी असतं. ही पकड कशी असते, ते बघायचंय मला."

त्यांनी माझी चिमटी हातात घेऊन नीट बघितली. "आन ती पकड सुटली तर?"

"तर तो जीव मरतो."

"मंग ऊन जागी राहणाराची पकड घट्टच असणार की," त्या म्हणाल्या. सरांनी फळ्यावर अर्धा तास घेऊन सांगितलेलं त्या एका वाक्यात म्हणाल्या. मी विमलताईंकडे बघितलं, त्या माझ्याकडे बघत होत्या.

दुसरा चहा यायच्या आत वास आला. जळक्या शेंगदाण्यांसारखा. रुक्माबाईंनी बशी खाली ठेवली आणि पळत सुटल्या. आम्ही मागोमाग.

ढिगाच्या त्याच कोपऱ्यातून निळसर धूर निघत होता. यंत्रं बंद झाली होती, बाया अंगणात येऊन उभ्या, मुनीमजी "पाणी आणा, पाणी आणा" असं ओरडत धावत होते. रुक्माबाई त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या, "पाणी नगं! पाण्यानं आजून तापंल! फोडा, पांगवा!" आणि कुणाचं न ऐकता त्यांनी पहिलं फावडं घातलं. मग काय, सगळे तुटून पडले. हमाल, बाया, मुनीमजी, विमलताई इस्त्रीच्या साडीत, आणि मी. घमेलं भरायचं, मोकळ्या पटांगणात नेऊन पातळ पसरायचं, परत यायचं. वाफ तोंडावर यायची, डोळ्यांतून पाणी. एका जागी ज्वाळ दिसली, चांगली हातभर उंच, गठाणींच्या बाजूला. दोन हमालांनी ओल्या पोत्यांनी ती दाबली. माझ्या आयुष्यात मी इतकी धावलेली नाही.

तासाभरानं ढीग मधोमध कापल्यासारखा उभा होता, आणि त्याचं पोट दिसत होतं. मला भूक, धूर, सगळ्याचा विसर पडला. आत कोळशासारखा काळा गाभा. त्याच्याभोवती तपकिरी. त्याच्याबाहेर राखेसारखी पांढुरकी बुरशी धरलेला थर, वाफाळता. मग साधी करडी सरकी. एखाद्या पुस्तकातलं चित्र समोर उभं करावं तसं!

रुक्माबाई सळई घेऊन आल्या. त्या पांढुरक्या थरात खुपसून हात टेकवला. "एक, दोन, तीन. इथून घ्या." मग तपकिरीतून, "एक... दीड. इथूनबी घ्या." मी पिशव्या भरत गेले, पेन्सिलीनं आकडे टाकत गेले. मुनीमजी बाजूला उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही. ते आत गेले आणि स्वतः चहाचा पेला घेऊन आले, आणि तो पहिल्यांदा रुक्माबाईंच्या हातात दिला. "उद्या सुट्टी घे," ते म्हणाले. "परवा वेळेवर ये."

गुरुवार, विमलताईंचं अंगण

नमुने पुण्याला नेऊन वाढवता आले असते. पण मला धीर निघेना. आत काही जिवंत आहे की सगळं भाजून मेलंय, हे जाणल्याशिवाय गाडीत बसवेना. उबवणीची पेटी नव्हती, तेव्हा विमलताईंनी पहाटेच अंघोळीचा तांब्याचा बंब पेटवला आणि एक मोठं भगुलं पुढं केलं. भगुल्यात गरम पाणी, त्यात नळ्या उभ्या, पाणी निवलं की बंबातून भर. पण पाणी बासष्टच आहे हे कळायचं कसं? विमलताई शेजारून धावत एक थर्मामीटर घेऊन आल्या. तो तापाचा निघाला. बेचाळीसच्या पुढे जातच नव्हता.

"रुक्माबाईंना बोलावू," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

शेजारच्या पोराला सायकलवर पिटाळलं, आणि त्या सळई घेऊनच आल्या. उजव्या तळव्याला कालच्या घमेल्याचा फोड होता. मी म्हटलं, राहू द्या. "डावा हाय की," त्या म्हणाल्या. पण डाव्या हाताचे तीन म्हणजे उजव्याचे तीन का? त्यांनी थोडा विचार केला. सळई पाण्यात बुडवली, पुसली, उजव्याची शाबूत बोटं टेकवून तीन मोजले आणि लगेच त्याच जागी डावा हात ठेवला. दोनाला उचलला. "डाव्याला दोन," त्यांनी जाहीर केलं. मी ते वहीत तसंच लिहिलं. प्रयोगशाळेत नवीन उपकरण जुन्याशी ताडून घेतात, ते याहून वेगळं नसतं.

सकाळी आठला नळ्यांतल्या अर्कात एकेका थराची चिमूटभर सरकी टाकली आणि नळ्या भगुल्यात गेल्या; आत जिवंत काही असेल तर अर्क गढूळ होणार होता. दिवसभर आम्ही तिघी बंबाभोवती. विमलताईंनी शाळेला आणखी एका दिवसाची रजा टाकली. पऱ्हाट्यांचं जळण, अंगणात राखेचा वास, मध्येच धपाटे आणि दही. रुक्माबाई सळई बुडवायच्या, "दोन" म्हणायच्या, आणि पुन्हा गप्पा. त्यांची थोरली सून रेल्वेवाल्या पूर्ण्याची. तिकडच्या बायका लग्नात कुंकवाआधी गाडीचं वेळापत्रक विचारतात म्हणे. मी विचारलं, पुण्यात काय विचारतात माहीत आहे का? "काय?" "मुलगी किती शिकलीय, आणि मग, इतकी कशाला शिकली." दोघी खो-खो हसल्या.

दुपारी एकला काही नाही. दोनला काही नाही. अर्क कोऱ्या चहासारखा स्वच्छ. तीनला मी नळ्या बघणं सोडून दिलं, आणि विमलताईंच्या वह्या तपासायला बसले.

साडेचारला रुक्माबाईंनी एक नळी उन्हाकडे धरली आणि चुकचुकल्या. "अगं माय. नासलं की हे!"

मी उडी मारून नळी हिसकावली. अर्क गढूळ झाला होता. भाताच्या पेजेसारखा गढूळ! दुसरी नळी, तिसरी, पांढुरक्या थराच्या सगळ्याच्या सगळ्या. काळ्या गाभ्याच्या स्वच्छ, तिथं कुणी उरलं नव्हतं. तपकिरीतली एक अर्धवट. पण पांढुरक्या थरातले जीव आठ तासांत असे माजले होते, की नळीतून पलीकडचं बोट दिसेना.

"नासलं!" मी ओरडले. "नासलं, रुक्माबाई, नासलं!" आणि त्यांना मिठी मारली. त्या एवढ्या गोंधळल्या, की सळई भगुल्यात पडली आणि पाणी आमच्या तिघींच्या पायांवर उडालं. बासष्ट अंशांचं. आम्ही तिघी अंगणात नाचत होतो ते आनंदानं की चटक्यानं, हे शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

परत

शुक्रवारच्या गाडीनं निघाले. नळ्या मांडीवर, तसंच मनमाडपर्यंत.

सात नंबरच्या नळीतला जिवाणू प्रयोगशाळेत असा वाढला, की मार्चच्या आत मला हवी तेवढी रास मिळाली. त्यातून माझं प्रथिन वेगळं काढायला उन्हाळा गेला. ते खरोखरच टणक निघालं. पाणी उकळायच्या बेतात आलं तरी त्याचा चोथा होईना. काचेवर त्याचे थेंब ठेवले, झाकले आणि वाट बघायला लागले. सातव्या आठवड्यात एका थेंबात काहीतरी चमकलं. मिठाच्या कणाहून बारीक, पण कडा सरळ, सुरीनं कापल्यासारख्या.

तरी ते खात्रीचं नव्हतं. कधी कधी नुसतं मीठच असं जमतं आणि माणसाला वेड लावतं. ते मीठ की प्रथिन हे क्ष-किरणांच्या फिल्मवरच कळणार. मीठ असेल तर थोडे, लांब लांब ठिपके. प्रथिन असेल तर ठिपक्यांच्या दाट रांगा. सरांनी स्वतः स्फटिक यंत्रात बसवला. दोन दिवस किरण चालू. मग गौतम फिल्म घेऊन लाल दिव्याच्या अंधारखोलीत गेले आणि आतून कडी लावली. मी आणि सर बाहेर. सर पाच मिनिटांत तीनदा घड्याळ बघून चौथ्यांदा बघत होते.

गौतम ढवळे आमच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं आहेत. ते नेहमी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलतात. पुण्यात पहिल्या वर्षी कुणीतरी त्यांच्या बोलण्याला हसलं होतं तेव्हापासून. आतून पाण्याचा खळखळ आवाज आला, मग काहीच नाही. मी दाराला कान लावला.

"गौतम?"

"दार उघडू नका!" ते आतून ओरडले. "उजेड येईल! फिल्म आजून पाण्यात हाय!"

"पण काही आलंय का?"

"आलेत, बाई! लय आलेत! वरून खालपर्यंत रांगाच रांगा हायेत!"

"किती?" सर माझ्या खांद्यावरून ओरडले.

"मोजायलोय, सर," आतून आवाज आला, "पण संपायलेच न्हाईत!"